बोलक्या भिंतींचे मौन

मांजरसुंब्याहून केजच्या दिशेने निघाले की वाटेत नेकनूर लागते. बीड तालुक्यातील हे मोठे बाजारगाव. वैकुंठवासी बंकटस्वामी महाराजांमुळे वारकरी संप्रदायात या गावाचे नाव आदराने घेतले जाते. अशा गावाचे चित्र मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. बाजारपेठ, जुन्या वाड्यांची भक्कम दारे, शेंदूर ल्यालेला मारुती, अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा. गेल्या दोन-अडीच दशकांत महाराष्ट्रातील अशा शाळांचे रूप बरेच पालटले. शिक्षकांनी पदरमोड केली, गावकऱ्यांनी लोकवर्गणी दिली आणि भिंतींवर मुळाक्षरे, पाढे, भारताचा नकाशा, ऋतुचक्र, शिवछत्रपतींचे चित्र उमटले. शिक्षणखात्याने या उपक्रमास मोठे समर्पक नाव दिले, ‘बोलक्या भिंती’. वर्गात शिक्षक नसले तरी भिंतीने मुलाशी बोलावे ही कल्पना सुंदर आहे. तिच्यामागील तळमळीबद्दल कोणाच्याही मनात शंका असण्याचे कारण नाही.

परंतु या बोलक्या भिंती एका बाबतीत मुक्या आहेत. आपल्या अंगावर जो पिवळाधमक, नारिंगी, हिरवागार तैलरंग चढविला गेला त्यात शिसे किती आहे, हे त्या सांगत नाहीत. सहा वर्षांचे पोर भिंतीवरचा ‘अ’ बोटाने गिरवते. पावसाळ्यात भिंत ओल धरते, उन्हाळ्यात तडकते, आणि जमिनीलगतच्या, म्हणजे नेमक्या मुलांच्या उंचीच्या भागात रंगाचे पोपडे सुटतात. ते पोपडे नखाने उकरून काढण्यात मुलांना कोण आनंद! मधल्या सुटीची घंटा होते आणि तेच हात खिचडीच्या ताटात जातात.

ही भीती कल्पनेतली नाही. रंगातील शिशाने मुलांना विषबाधा होते हे जगाला शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. आपल्या देशात त्यावर कायदेशीर निर्बंधही आला. असे असताना हा विषय आमच्या घरांत, शाखांत, पालकसभांत किंवा ग्रामसभांत कधी निघत नाही. म्हणून आज त्याविषयी काहीसे विस्ताराने लिहिण्याचे ठरविले आहे.

शिसे आणि रंग यांचे नाते जुने आहे. सुतारांच्या व रंगाऱ्यांच्या बोलीतला ‘सफेता’ हा मूळचा शिशापासून केलेला पांढरा रंग. ‘शेंदूर’ म्हणजे शिशाचा भस्मासारखा केशरी-लाल ऑक्साइड. मुरदाडशिंग हेही शिशाचेच. आपल्या रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात, आणि शोधन न केलेला नाग पोटात गेला तर व्याधी जडतात अशी सूचना ते शास्त्र देते. म्हणजे हा धातू औषधाच्या नव्हे तर विषाच्या पंक्तीत प्रथम बसतो, याची जाण आपल्या पूर्वसूरींना होती. मग आधुनिक कारखानदारीत हा धातू रंगात का राहिला? कारण सोपे आहे. शिशाचे क्रोमेट घातले की पिवळा, नारिंगी व हिरवा रंग झगझगीत होतो, उन्हात लवकर विटत नाही, आणि तो स्वस्त पडतो. शिशाची काही संयुगे घातली की तैलरंग लवकर वाळतो. पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आले आणि सफेता मागे पडला. पिवळ्या-तांबड्या छटांतून मात्र शिसे सहजी हटले नाही. ज्या छटा मुलांना अधिक आवडतात, खेळण्यांवर, पाळण्यांवर, बालवाडीच्या दारांवर ज्या हमखास असतात, नेमक्या त्याच छटांत शिसे असण्याचा संभव अधिक, हा या प्रकरणातील क्रूर विनोद म्हणावा लागेल.

हे विष शरीरात गेल्यावर काय करते? शरीराला ते कॅल्शियमसारखे भासते. कॅल्शियमसाठी उघडलेल्या दारातून ते आत शिरते, रक्तात मिसळते, मेंदूत पोहोचते आणि हाडांत जाऊन बसते. हाडांतला त्याचा मुक्काम दशकांचा असतो. बालपणी शोषलेले शिसे मुलगी मोठी होऊन गर्भवती झाली की हाडांतून पुन्हा रक्तात उतरते आणि नाळेवाटे गर्भापर्यंत जाते. एका पिढीची चूक दुसऱ्या पिढीच्या पोटात उतरते ती अशी. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शोषतो. लहान मुलाचे शरीर मात्र निम्म्यापर्यंत शोषून घेऊ शकते. पोट रिकामे असेल, अंगात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर हे प्रमाण आणखी वाढते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्या कोप्यांवर वाढणाऱ्या मुलांच्या आहाराची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वाक्य पुन्हा वाचावेसे वाटेल. जो आधीच अशक्त, त्यालाच हे विष अधिक लागते.

बरे, विषबाधा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उलट्या, फेस, धावपळ येते. येथे त्यातले काही नसते. थोड्या प्रमाणातील शिशाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल खेळते, जेवते, झोपते. फक्त त्याचे लक्ष लागत नाही. पाढे पाठ होत नाहीत. ते चिडचिड करते, एका जागी बसत नाही. शाळेत त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसतो, घरी ‘डोक्याने मठ्ठ’ अशी नोंद होते, आणि सातवी-आठवीत शाळा सुटली की ‘त्याच्या नशिबात विद्या नव्हती’ असे म्हणून सगळे मोकळे होतात.

अमेरिकेतील हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी १९७९ साली केलेले संशोधन या संदर्भात शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे. त्यांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि दातांतील शिसे मोजले. शिक्षकांकडून त्यांनी मुलांच्या वर्गातील वर्तनाची नोंद घेतली. कोणत्या मुलाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. दातांत शिसे जसजसे अधिक, तसतसा लक्ष विचलित होण्याचा, सूचना न पाळता येण्याचा शेरा अधिक, असे चित्र समोर आले. बुद्धिमापन चाचण्यांतही ही मुले मागे पडली. यांपैकी कोणतेही मूल रुग्ण म्हणून दवाखान्यात आलेले नव्हते. सर्व जण वरकरणी ठणठणीत होते! पुढे शिसे उद्योगाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तज्ज्ञांनी नीडलमन यांच्यावर गैरप्रकाराचे आरोप केले, चौकशा लावल्या; त्यांतून ते निर्दोष सुटले. सत्य सांगणाऱ्याच्या वाट्याला जे येते ते तेथेही आले.

शिसे मेंदूची जी हानी करून जाते, ती औषधाने भरून निघत नाही. रक्तातील प्रमाण फार वाढले तर ते बाहेर काढण्याची औषधे आहेत. पण ती आणीबाणीची. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही ‘सुरक्षित’ पातळी मानत नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील चिंतेची रेषा एके काळी प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम होती. २०१२ मध्ये ती ५ झाली आणि २०२१ मध्ये साडेतीनवर आली. जसजसे ज्ञान वाढले तसतशी रेषा खाली सरकली.

आता इतिहासाकडे पाहू. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड हा प्रांत आपल्या मराठवाड्यासारखाच रणरणत्या उन्हाचा. तेथील ब्रिस्बेन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेफरिस टर्नर या बालरोगतज्ज्ञांना मुलांमध्ये शिशाच्या विषबाधेची लक्षणे आढळली. स्रोत सापडेना. १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञांनी तो शोधून काढला. घरोघरच्या ओसरीच्या कठड्यांना शिसेयुक्त रंग दिलेला होता, उन्हाने तो भुकटी होऊन सुटत होता, मुले कठड्याला हात लावून तीच बोटे तोंडात घालत होती. १९२२ मध्ये तेथे मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी हा रंग वापरण्यास कायद्याने मनाई झाली. त्याआधी १९२१ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतीच्या अंतर्भागातील रंगकामात सफेत्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला होता. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली.

आणि आपण? १९२१ साली आपण परतंत्र होतो, हे कारण समजण्यासारखे आहे. पण १९४७ नंतरची दशके? या काळात भारतात तैलरंगाच्या शिशाला अंकुश लावणारा कोणताही बंधनकारक नियम नव्हता. भारतीय मानक ब्युरोचे मानक होते, पण ते ऐच्छिक, पाळले तर पाळले. परिणाम काय झाला ते १९९०च्या दशकाअखेरीस दिसले. बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांच्या सहकार्याने, मुंबईसह देशातील मोठ्या शहरांत वीस हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिसे १० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. त्याच सुमारास, १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई व दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासण्यात आले. त्या १,०८१ मुलांच्या आकडेवारीचा पुढे अभ्यास झाला तेव्हा त्यांतील ७६ टक्के मुलांत शिशाची पातळी ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असल्याचे दिसले. आपल्या राज्याच्या राजधानीतील तान्ह्या मुलांची ही स्थिती!

त्यातील मोठा वाटा पेट्रोलमधील शिशाचा होता. २००० साली देशभर शिसेरहित पेट्रोल आले आणि तो स्रोत आटला. हे काम मनावर घेतले म्हणून झाले, हे लक्षात ठेवावे. मग रंगाकडे दृष्टी वळली. २००६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाचे स्कॉट क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, चीन व मलेशिया या निर्बंध नसलेल्या देशांतील नव्या रंगांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक नमुन्यांत शिसे अमेरिकी मर्यादेच्या वर होते. सिंगापुरात कायदा होता; तेथील रंगांत ते लक्षणीय कमी निघाले. याचा अर्थ उघड आहे. शिशाविना रंग बनविण्याची विद्या जगात उपलब्ध होती. जेथे सरकार विचारत होते तेथे ती वापरली जात होती, जेथे कोणी विचारत नव्हते तेथे नाही. आमच्या मुलांच्या मेंदूची किंमत बाजाराने कमी लावली होती, कारण ती आम्हीच कमी लावली होती. २००७ मध्ये दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने घरगुती रंगांची तपासणी केली, तेव्हा तैलरंगांतील शिसे पुन्हा चव्हाट्यावर आले.

बंधनकारक नियम यायला त्यानंतरही नऊ वर्षे गेली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे नियमन करणारे नियम अधिसूचित केले. त्या वेळी या मंत्रालयाची धुरा कै. अनिल माधव दवे यांच्याकडे होती. नर्मदामाईच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या या कार्यकर्त्याच्या अल्प कार्यकाळात हे काम झाले, याचे स्मरण ठेवणे उचित होईल. एक वर्षाची मुदत देऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम लागू झाले. शिशाची कमाल मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे वाळलेल्या रंगाच्या एका किलोत फार तर ९० मिलिग्रॅम. जगातील कठोर मर्यादांपैकी ही एक आहे. अमेरिकेनेही ती २००९ मध्येच स्वीकारली. रंगात शिसे या मर्यादेच्या आत असल्याचे डब्यावर छापणे उत्पादकावर बंधनकारक केले गेले.

येथे कथा सुफळ संपूर्ण व्हायला हवी होती. ती झालेली नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांना लागू आहेत. औद्योगिक वापराच्या रंगांना त्यांतून वगळले आहे. कागदावर ही विभागणी स्पष्ट दिसते, दुकानात ती तेवढी स्पष्ट राहात नाही. लोखंडी फाटक, खिडकीचे गज, बाकांचे पाय, घसरगुंडी यांना कोणता रंग लागला हे रंगाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. (घाऊक गैरसमज नको म्हणून एक गोष्ट नोंदवितो. लोखंडाला लावायचा ‘रेड ऑक्साइड’ हा लोहाचा ऑक्साइड असतो; शिशाचा लाल प्रायमर वेगळा. नाव वाचून घ्यावे.) दुसरे, मोठ्या नामांकित कंपन्यांनी शिसे बहुतांशी काढले, परंतु नियम आल्यानंतर झालेल्या तपासण्यांतही लहान व स्थानिक उत्पादकांच्या काही रंगांत ते मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. गावच्या बाजारात खपतो तो पुष्कळदा असाच स्वस्त डबा. लोकवर्गणीचे पैसे मोजके असतात, भिंती लांबलचक असतात, आणि दुकानदार म्हणतो, “हा घ्या गुरुजी, अर्ध्या किमतीत, रंग तोच!” गुरुजींचा यात दोष काय? त्यांना कोणी सांगितलेच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कायदा डब्याला लागू आहे, भिंतीला नाही. १ नोव्हेंबर २०१७ पूर्वी जे रंगविले गेले ते तसेच उभे आहे. ते वाडे, त्या शाळा, ते पाळणे आणि ती दारे. नव्या रंगाचा थर चढला तरी खालचा जुना थर कोठे जात नाही. पोपडा सुटतो तेव्हा सर्व थरांसह सुटतो. दुसऱ्या देशांनी जुन्या घरांची तपासणी, विक्रीपूर्वी माहिती देण्याची सक्ती, प्रशिक्षित रंगारी अशा व्यवस्था उभारल्या. आपल्याकडे शाळेच्या भिंतीचा रंग तपासण्याची नित्याची व्यवस्था नाही.

शिक्षेचेही पाहा. हे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील. त्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. छोट्या तांत्रिक चुकांसाठी उद्योजकाला फौजदारी कोर्टात खेचू नये, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. पण मुलांच्या अन्नात विष कालवण्याच्या जवळ जाणारी गोष्ट तांत्रिक चुकीच्या टोपलीत टाकली जाणार नाही, याची काळजी दंड आकारणाऱ्या अधिकाऱ्याने घ्यावयास हवी. आणि दंड व्हायला आधी नमुना घ्यावा लागतो. दुकानातून डबा उचलून प्रयोगशाळेत पाठविणारा माणूस जिल्ह्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर पंधरा लाख हा आकडा राजपत्रातच राहणार.

युनिसेफ व ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज वर्तविला; त्यांतील २७.५ कोटी मुले भारतातील. हे गणिती अनुमान आहे, प्रत्येक मुलाचे रक्त काही कोणी तपासलेले नाही. त्यामुळे आकडा चार-दोन कोटींनी इकडेतिकडे होईल. २०२२ मध्ये नीती आयोग व सीएसआयआर यांनीही याच प्रश्नावर अहवाल काढला. परकीयांचा डाव म्हणून हा विषय झटकून टाकण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. हेही खरे की रंग हा एकमेव स्रोत नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळविणे, भेसळीची हळद, कल्हईत मिसळलेले शिसे असे अनेक मार्ग आहेत. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून जे लेड क्रोमेट मिसळले जाते, ते तेच, भिंतीवरच्या पिवळ्या रंगातले!

आता थोडे आपल्या सणांविषयी. हा भाग लिहिताना काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, पण आपलेपणाने बोलायचे तर आपल्याच घरात बोलायचे. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविण्याची रीत आहे. बैलाला वर्षभराच्या कष्टाबद्दल कृतज्ञता म्हणून सजवायचे, आणि त्याच्या शिंगाला स्वस्तातला तैलरंग फासायचा, हे विसंगत नाही काय? गुरे एकमेकांना चाटतात. शिशाने गुरे दगावतात ही गोष्ट पशुवैद्यकाला नवीन नाही. ब्रश धरायला पुढे येतात ती घरातली लहान मुलेच. शेंदराचेही तसेच. मारुतीरायाच्या अंगावरील शेंदूर ही आपली परंपरा. पण बोटाला शेंदूर लागलेला असताना त्याच बोटाने प्रसादाची खडीसाखर लेकराच्या तोंडात घालणे ही परंपरा नाही, ती सवय आहे, आणि सवय बदलता येते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये न्यू जर्सीतील दुकानांतून आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेल्या सिंदूराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ८० टक्के नमुन्यांत प्रति ग्रॅम किमान एक मायक्रोग्रॅम शिसे होते, आणि एक-तृतीयांश नमुने तेथील २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्याही वर होते. हळद आणि चुन्यापासून होणारे कुंकू आपल्या आजीला ठाऊक होते. ते घरात पुन्हा यावे यात धर्माची हानी नाही, धर्माचीच सोय आहे. आणि ‘जुने ते सगळे निर्दोष’ असेही कोणी समजू नये. हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ सोमलाचा. चुना, गेरू, काव, पांढरी माती, नीळ हे मात्र भिंतीसाठी आजही उत्तम आहेत.

घरच्या कर्त्या मंडळींनी काय करावे? घाबरून जाऊन घरातली दारे खरवडायला घेऊ नयेत, हे प्रथम. कोरड्या पॉलिश पेपरने जुना तैलरंग घासणे किंवा दिव्याच्या ज्योतीने जाळून काढणे हा सर्वांत घातक प्रकार आहे. जो रंग दारावर घट्ट बसलेला आहे तो त्या मानाने कमी धोक्याचा. तोच घासून भुकटी केला की घरभर पसरतो, अंथरुणात, धान्यात, पाण्याच्या हंड्यात जातो. लग्नकार्य किंवा दिवाळीच्या तोंडावर आपण नेमके हेच करतो. लांबी भरण्याआधी रंगारी भिंत घासतो, बाजूला पाळण्यात मूल असते, घरात गर्भवती सून असते. अशा वेळी मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या दिवसांपुरते दुसरीकडे पाठवावे. पृष्ठभाग पाण्याने भिजवून मगच घासावा. खाली प्लास्टिक अंथरावे, पोपडे गोळा करून बंद पिशवीत घालावेत. ते शेणखताच्या उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नयेत. नंतर केरसुणी न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावे. जेवणापूर्वी हात धुण्याची जुनी शिस्त येथे औषधासारखी उपयोगी पडते. पोरांच्या ताटात लोह आणि कॅल्शियम, म्हणजे नाचणी, दूध, शेवग्याचा पाला, हरभरा यांची सोय पाहावी. त्याने शिसे निघून जात नाही, पण शरीर ते कमी शोषते.

रंगाऱ्याचा विचार कोणी करीत नाही. वर्षभर ही धूळ श्वासात घेणारा तो. संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जातो आणि धावत आलेल्या लेकराला उचलून घेतो. त्याने काम संपल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊन घरी जावे, ही व्यवस्था काम देणाऱ्याने करावयाची आहे. बादलीभर पाण्याचा आणि एका फडक्याचा तो खर्च.

शासनाकडे मागावयाचे ते नेमके मागावे. जिल्हा परिषदेच्या, नगरपरिषदांच्या व अंगणवाड्यांच्या रंगकामाच्या निविदेत ९० पीपीएमची अट लेखी असावी आणि तिच्यावाचून देयक निघू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करतात. अभ्यासात मागे पडणाऱ्या, अशक्त मुलांच्या रक्तातील शिसे तपासण्याची तरतूद त्यात जोडावी. त्यासाठी मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीची सोय उभी राहावी. नेकनूरच्या आईने या एका चाचणीसाठी पुणे-मुंबई गाठावी अशी अपेक्षा कोणी करू नये. औद्योगिक रंगांची सवलत कोणत्या वस्तूंपुरती आहे, आणि शाळेचे बाक व घसरगुंडी तिच्यात येतात की नाही, हे मंत्रालयाने एकदा स्पष्ट शब्दांत सांगून टाकावे.

पण हे सर्व होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. उन्हाळी सुटीत गावोगावच्या शाळांच्या भिंती पुन्हा रंगतात. आपल्यापैकी कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर असतो, कोणी वर्गणी देतो, कोणी स्वतः ब्रश घेऊन श्रमदानाला उभा राहतो. यंदा डबा उघडण्यापूर्वी तो फिरवून पाहावा. त्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीची तारीख आणि शिसे ९० पीपीएमच्या आत असल्याचा मजकूर छापलेला असावा. नसेल तर डबा दुकानदाराला परत करावा, पावती मागावी आणि कारण सांगावे. जमिनीपासून चार फुटांपर्यंतच्या पट्ट्यात तैलरंगाऐवजी पाण्यात मिसळणारा रंग किंवा सरळ चुना द्यावा. चित्रे त्याच्या वर काढावीत. आणि वापरलेल्या डब्यांवरची लेबले काढून, तारीख घालून मुख्याध्यापकांच्या दप्तरात चिकटवून ठेवावीत, म्हणजे पुढल्या वर्षी भिंतीच्या वतीने बोलायला एक कागद तरी असेल.